भुरे सरांचा एकच शब्द

तुमसरच्या आमच्या कॉलेजात स्टाफरूम एकच, आणि तत्त्वज्ञानाची माझी खुर्ची प्राणिशास्त्राच्या लांजेवारच्या खुर्चीला खेटून. किस्से साचायला आणखी काय लागतं? पण हे सगळे भुरे सरांचे आहेत. लोक ऐकून हसतात. माझं मात्र सांगता सांगता टाळकं फिरतं, तेव्हा सांभाळून घ्या.

भुरे सर माझ्याआधी इथे तत्त्वज्ञान शिकवायचे. मी आणि लांजेवार दोघंही त्यांचे विद्यार्थी. रिटायर होऊन आंधळगावला राहायला गेले आणि ब्रेन स्ट्रोक आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. पुढे पाय ओढत चालू लागले, बोलणं मात्र परत आलं नाही. ‘मन म्हणजे काय’ यावर आयुष्यभर बोललेल्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला: “बह्याड”. आमच्याकडे मूर्खाला, वेडसराला म्हणतात तो. सरांनी तो पूर्वी कधी कुणाला म्हटला नव्हता.

* * *

सरांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा प्रश्नही एकच. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला त्यांनी तोच विचारला. “यायले कळते का जी?”

डॉक्टरांनी सरांना विचारलं, “बाबा, नाव काय तुमचं?”

“बह्याड.”

“आणि ह्या कोण?”

“बह्याड.”

“मनावर घेऊ नका काकू,” डॉक्टर म्हणाले. “तो शब्द आपोआप येतो. त्याला अर्थ नसतो.”

“पन कळते का?”

“ते काही स्कॅनमध्ये दिसत नाही.”

मग इतका वेळ काळेपांढरे फोटो दाखवून हा गृहस्थ काय समजावत होता? निघताना मी नमस्कार केला. सरांनीही आपल्या परीने निरोप घेतला. “बह्याड.” आपोआप, अर्थातच!

* * *

लांजेवारकडे मेंदूचं प्लास्टिकचं मॉडेल आहे, तुकडे सुटे होणारं. एकदा त्याने मधल्या सुट्टीत एक तुकडा काढून टेबलावर ठेवला.

“एवढा गेला का भाषा गेली. भाषा गेली का विचार गेला. मन-बिन काही नसते रे. तुमच्या डिपार्टमेंटची पोटापाण्याची सोय आहे ते.”

“मग काल प्रिन्सिपल बोलले तं तुले राग कायचा आला होता?”

“ते केमिकल.”

“अन् केमिकलनं दार काहून आपटलं?”

त्याने तुकडा परत बसवला, तोही उलटा.

* * *

माझ्या धंद्यातल्या लोकांना सोडतो असं समजू नका. कॉलेजात ‘मन आणि मेंदू’ असं चर्चासत्र झालं. सरांना सत्काराला आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. शेवटी काकू उठल्या आणि बाहेरून आलेल्या विद्वानांना आपला प्रश्न विचारला.

“फार मूलभूत प्रश्न आहे,” ते खूश होऊन म्हणाले. “दुसऱ्याच्या मनाबद्दल खात्रीने काहीच सांगता येत नाही.”

“म्हंजे तुमाले बी ठाऊक नाही.”

“तत्त्वतः कुणालाच नाही.”

“मंग सकाळपासून काय सांगून राहिले जी?”

पहिल्या रांगेतून सर म्हणाले, “बह्याड.”

लोकांनी टाळ्या पिटल्या, विद्वान पोट धरून हसले. पिंजऱ्यातला पोपट बोलला की हसतात तसे. मला तिथलं स्टेज उलथून टाकावंसं वाटलं. काकू खाली बसल्या आणि सरांच्या गळ्यातला हार नीट करू लागल्या.

* * *

दिघोरीचे एक पाहुणे सरांच्या खाटेशी उभे राहून म्हणाले, “याच्यापेक्षा देवानं नेलं असतं तं बरं होतं.” मी म्हणालो, “तुम्ही पुढे व्हा, देवाले विचारून या.” ते चहा न घेता गेले. जाऊ देत.

* * *

मग सरांच्या मुलाचा पुण्याहून फोन. स्पीकरवर, आणि सर शेजारीच बसलेले.

“आई, इथं चांगलं सेंटर आहे. बाबांना तिथं ठेवू, तू माझ्याकडे राहा. त्यांना कुठे काही कळतंय?”

फोन ठेवून काकू माझ्याकडे वळल्या. “कळत असंल तं मी यायले कुठीच नाही धाडत. अन् नसंलच कळत, तं मी तरी कोनासाठी अडून राहू? सांगा ना सर.”

मी काय सांगणार? दोन डिग्र्या, कपाटभर पुस्तकं, आणि हो म्हणता येईना की नाही. त्या दिवशी मला त्या पुस्तकांची चीड आली.

* * *

गेल्या महिन्यात लांजेवारची आई गेली. सरांना न्यावं की नाही, काकूंना कळेना. “मयतीत तो शब्द निंगला तं?” पण सर चपलेत पाय घालून दारात उभे. नेलं.

अंगणात आईला ठेवलेलं. लांजेवार भिंतीशी बसला होता. सर पाय ओढत त्याच्यापाशी गेले आणि डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. त्याने वर पाहिलं.

“सर, माय गेली.”

अंगणातले सगळे सरांच्या तोंडाकडे बघू लागले. सरांचे ओठ उघडले, “ब...” एवढं आलंही.

आणि सरांनी लांजेवारच्या खांद्यावरचा हात उचलून स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. घट्ट. बोटांवरून डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं, तरी हात काढला नाही. आईला उचललं, माणसं रस्त्याला लागली, तरी हात तोंडावरच.

काकू पुढे झाल्या. त्यांनी सरांचा लुळा उजवा हात आपल्या हातात घेतला.

“चला जी,” त्या म्हणाल्या. “आपल्या घरी जाऊ.”