कापूस बाजाराच्या कमानीवरचा बैल

"मॅडम, बैल पांढरा करू का लाल?"

शिडीवर चढलेल्या रंगाऱ्यानं मला विचारलं. मी नुकतीच रिक्षातून उतरले होते. रंग ठरवायला कोणीतरी बाई पाठवल्या आहेत, असा त्याचा समज झाला असावा. त्याच्या एका हातात तारेचा ब्रश होता. बैलाचं एक शिंग घासायला त्यानं सुरुवात केली होती. मी त्याला आधी खाली उतरायला सांगितलं.

जुन्या इमारती आहेत तशा टिकवणं हा माझा व्यवसाय. इंग्रजीत आम्हाला कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट म्हणतात. यवतमाळात बरेच लोक समजतात की आम्ही जुन्या वाड्यांचे सौदे करतो. ही गोष्ट उमरखेडच्या बाजूच्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून माझ्याशी बरे बोलतात.

तिथल्या कापूस बाजाराला इंग्रजांच्या काळातली कमान आहे. कमानीवर चुन्यात उठावाची नक्षी आहे. बैलगाडी, गाडीत कापसाचे बोंद्रे, म्हणजे मोठाली गाठोडी, आणि शेतात वाकून कापूस वेचणाऱ्या बाया. एकीचं तोंड मागे वळलेलं आहे, जणू कोणी हाक मारली. चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून, ओल्या गिलाव्यावर हातानं केलेलं हे काम. आमच्या जिल्ह्यात आज ते कोणाला येत नाही. गेलं म्हणजे गेलं.

ते वर्ष कापसाच्या हालाचं होतं. भाव पडलेला, आवारात गाड्या सोडून शेतकरी बसलेले. मुंबईहून मंत्री हे संकट पाहायला येणार होते. संकट पाहायला येणाऱ्याला सगळं रंगवून दाखवायचं, अशी आपल्याकडे पद्धत आहे. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावून झाला होता. फूटपाथच्या कडा काळ्यापिवळ्या झाल्या होत्या. आता कमानीचं सुशोभीकरण निघालं होतं. सुशोभीकरण हा शब्द ऐकला की मी आधी शिडी कुठे लावली आहे ते बघते.

ही कमान जपायच्या इमारतींच्या यादीत घालावी, असा माझा प्रस्ताव होता. तो मंजूर झालेला नव्हता. म्हणजे चार शब्द सांगण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. ते सांगायला मी सभापतींच्या केबिनमध्ये गेले. सभापती म्हणजे बाजार समितीचे प्रमुख. शेजारी एक डेप्युटी इंजिनिअर चहा पीत बसले होते.

मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं. चुन्याची भिंत श्वास घेते. जमिनीतली ओल पायातून वर चढते आणि चुन्यातून वाळून बाहेर जाते. वरून ऑइल पेंट मारला की ती वाट बंद. मग ओल आतल्या आत साठते, चुना फुगतो आणि पोपडे धरून खाली येतो. दोन पावसाळ्यांत तिथे बैलही राहणार नाही आणि बायाही.

इंजिनिअर हसले. "मॅडम, ऑइल पेंट वॉटरप्रूफ असते. पानी अंदर जानारच नाही, मंग फुगन कायले?"

पाणी खालून येतं, हे मी पुन्हा सांगितलं. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. कॉलेजात या माणसाला ओल शिकवली कोणी, असा मला खरोखर प्रश्न पडला.

सभापतींनी खिडकीकडे बोट केलं. मग म्हणाले, "तुमचा चुना श्वास घेते म्हणता. बाहेर कास्तकाराचा श्वास कोंडून राह्यला, मॅडम. तुमाले बैलाची पडली."

मला राग आला. बोलणं खरं होतं. फक्त ते बोलणाऱ्याच्या टेबलाखाली रंगाचे डबे रचलेले होते. कास्तकाराचा कोंडलेला श्वास कोणत्या डब्यानं मोकळा होणार, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी उठले. दारात खांद्याएवढी फ्लेक्सची गुंडाळी उभी होती. वरच्या टोकातून सभापतींचं कपाळ आणि गंधाचा टिळा डोकावत होता. त्या कपाळाकडे बघता बघता माझं डोकं चाललं. मी परत वळले आणि विचारलं, हा बोर्ड कुठे लावणार?

"चौकात."

"चौकात मंत्र्यांची गाडी थांबणार नाही. ती कमानीपाशी थांबेल. ते उतरतील, वर बघतील. त्यांना काय दिसेल?"

सभापतींनी मान वळवून गुंडाळीकडे पाहिलं.

"बैल," मी म्हटलं. "ताज्या रंगातला, चकचकीत. फोटोतही तोच येईल."

इंजिनिअरांचं बिस्किट चहात पडलं.

"मंग कमानीवरच लावू," सभापती म्हणाले. "पन हा लहान पडन."

पूर्ण कमान झाकेल एवढा नवा छापून घ्या, असा सल्ला मी दिला. झाकलेल्या जागेवर रंग कशाला वाया घालवायचा, तो खांबांना लावा, हेही सुचवलं. ते त्यांना फार पटलं. मग मी खिळ्यांकडे वळले. भिंतीत खिळे मारले तर फ्लेक्स वाऱ्यानं मधोमध फाटतो, आणि मधोमध तर तुमचा फोटो, असं काळजीच्या सुरात सांगितलं. बांबूची चौकट करा, वरच्या कंगोऱ्यांना दोरीनं बांधा, मागून वारा खेळू द्या. ओल, चुना, श्वास यांतला एकही शब्द मी वापरला नाही. सगळं मान्य झालं.

रंगाऱ्याला बैल सोडून खांब देण्यात आले. मंत्री आले, वर पाहिलं, सभापतींच्या फोटोला हसले, गाडीत बसले. कापसाचा भाव होता तिथेच राहिला, आणि कमानीवरचा फ्लेक्सही.

पुढच्या पावसाळ्यात खांबांचा रंग फुगला आणि गिलाव्यासकट गळून पडला. जुनं बांधकामच कच्चं होतं, असं इंजिनिअरांनी जाहीर केलं. फ्लेक्समागची नक्षी कोरडी, शाबूत. ते शिंग तेवढं घासलेलं आहे.

त्यानंतर सभापती बदलत गेले. प्रत्येकानं आधीच्यापेक्षा मोठा फ्लेक्स लावला, आणि फाटू नये म्हणून बांबू-दोरीची रीत चालू ठेवली. चुन्याचं रसायनशास्त्र शिकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुढाऱ्याच्या चेहऱ्याइतकं टिकाऊ आच्छादन मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही. अट एकच, आपण काय सांभाळतोय हे त्याला कळता कामा नये.

तुम्हाला त्या वेचणाऱ्या बाया पाहायच्या असतील तर बाजार समितीच्या निवडणुकीचा निकाल लागू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जा. जुना सभापती उतरवून नवा चढवेपर्यंत तासभर त्या उघड्या असतात.