तुळशीवरचा पत्रा

गाड्या तापू नयेत म्हणून आमच्या सोसायटीने अंगणावर पत्रा टाकला. तुळस त्याखाली गेली आणि पिवळी पडली.

“रोज पाणी घालते, दिवा लावते, तरी हिचं काय बिनसलंय गं?” शेजारच्या काकूंनी मला विचारलं.

“चूल विझवलीत तिची! पान उन्हावर अन्न शिजवतं काकू, दिव्यावर नाही.”

“अगं, पण पत्रा नसला की गाडीच्या सीट किती तापतात!”

माझं डोकंच फिरलं. एवढ्या लांबून ऊन येतं, हिरवं पान ते टिपून त्याचं अन्न करतं, तेच आपल्या ताटात पडतं; आणि आम्ही ते शेवटच्या हातभर अंतरावर अडवतो. कशासाठी, तर गाडीच्या सीटसाठी!

तुळशीच्या सगळ्या फांद्या आता पत्र्याच्या फटीकडे वळल्यात. संध्याकाळी काकू दिवा लावून हात जोडतात, तेव्हा ती त्यांच्याकडे पाठ करून उभी असते.