आधी बूट

विठू तांडेल माणसाच्या तोंडाकडे नंतर बघे, आधी पायांकडे. मांडवीच्या किनाऱ्यावर त्याची एक लहानशी होडी असे, आणि तिच्यात वहाणा घालून पाऊल टाकायची कोणाची टाप नव्हती. "लक्ष्मी हाय ती आमची," एवढंच तो म्हणे. कचेरीतल्या एका बड्या साहेबाला त्याने भर उन्हात तापल्या वाळूवर अनवाणी नाचवलं होतं, आणि वर अदबीने मुजराही केला होता.

मी तेव्हा नवा कारकून होतो आणि अंगात शिष्टपणा भरपूर होता. मुंबईहून नाडीचे बूट घेऊन आगबोटीने परतत होतो. आगबोट खोल पाण्यात थांबायची आणि उतारूंना होड्यांतून किनारा गाठावा लागायचा. विठूची होडी शिडीला लागलेलीच होती. मी बूट काढायला साफ नकार दिला, शिकलेल्या माणसाने असल्या गोष्टी मानू नयेत असं व्याख्यानही दिलं. त्याने हात जोडले आणि मला शेजारच्या पडावाकडे, उतारूंच्या मोठ्या होडीकडे, बोट दाखवलं.

पडावात उतरताना लाट आली. नव्या बुटाचा तळ शिडीवरून सटकला, दंड पडावाच्या काठावर आपटून मोडला आणि मी पाण्यात गेलो. पडाव जवळ आला असता तर आगबोटीच्या अंगाशी माझा चेंदा झाला असता. आगबोट आणि पडाव यांच्यामधल्या त्या फटीत शिरू शकत होत्या फक्त लहान होड्या. एकीकडून विठू आला, दुसरीकडून त्याची विधवा बहीण गंगू, स्वतःची होडी वल्हवत.

विठूने माझी कॉलर पकडली आणि खाली पाहिलं.

"आधी बूट."

नाकातोंडात पाणी जात असतानाही मला त्याचा संताप आला. पण बूट मला खाली ओढत होते आणि एक हात निकामी झाला होता. तो दातांत सुरी धरून पाण्यात उतरला, नाड्या कापल्या, बूट तळाला गेले. गंगूने दोन्ही होड्यांवर आडवं वल्हं टाकून त्या घट्ट धरल्या होत्या. मग दोघांनी मला वर ओढलं.

पुढे मी विचारलं, हे लक्ष्मीसाठी की बुटांच्या वजनासाठी? "तुमी शिकलेले, तुमीच ठरवा," म्हणाला. आठवड्याने एक बूट त्याच्या जाळ्यात आला. होडीत घ्यायचा नाही म्हणून त्याने तो दोरीला बांधून मागून ओढत आणला आणि आतल्या खेकड्यासकट भर कचेरीत माझ्या टेबलावर ठेवला. सगळे हसले. मी चिडलो, आणि त्याच दिवसापासून त्या माणसावर माझा जीव जडला.

बारा वर्षांनी विठू तापाने गेला. महिन्याभरात माझी बदली झाली. आगबोटीवर सोडायला गंगू त्याचीच होडी घेऊन आली.

"तसेच बसा," ती म्हणाली. "दादा सांगून गेलाय, सायबाना येकदा बुटासकट बसव."

मी होडीपाशी उभा राहिलो. मग ओल्या वाळूत बसून मी नाड्या सोडायला लागलो.

गंगूने पदराने डोळे पुसले आणि ती हसली.

"हरले मी. मी म्हनलं बसतील. दादा म्हनला, काढतील."