सर्वानुमते कायम

हे मी घरात कधी बोललो नाही, बायकोजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित — जमेल.

पाथर्डीकडच्या एका गावात मी ग्रामसेवक होतो. आता निवृत्त आहे, नगरला असतो. नव्या ग्रामसेवकांच्या प्रशिक्षणाला मला बोलावतात. मी सांगतो, कायद्यात नसलेली मागणी आधी कुणीतरी सभेत उभं राहून बोलतं; आपण ती लिहिली तरच ती जगते. मुलं लिहून घेतात. हे मला कुठून कळलं, असं कुणी विचारत नाही.

सुभद्राबाईंकडून कळलं. दिवाळीनंतर त्यांची अख्खी वस्ती ऊसतोडीला जायची. त्यांच्या माघारी, जानेवारीच्या ग्रामसभेत, वस्तीवरचा नळ सरपंचांच्या मळ्याकडे हलवायचा ठराव झाला. एक मेच्या सभेला बाई परतल्या होत्या. मागचा ठराव कायम करायचा विषय मी वाचला आणि त्या उठल्या. त्या गावात बाई सभेत बोललेली मी तोवर पाहिली नव्हती.

"आमी सा म्हैने गावात नसतो. आमच्या माघारी आमचं पानी हलवायचा ठराव कसा व्हतो? आमी आल्याबिगर आमच्यावरचा ठराव पक्का करू नका."

असली मागणी मी कधी ऐकली नव्हती. ती बरोबर होती — हे मला तिथंच कळलं. सरपंचांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. दम नाही, काही नाही. मी लिहिलं : मागील ठराव सर्वानुमते कायम.

पण सांगायचं ते हे नाही. म्हणजे — एवढंच नाही.

पंधरवड्यानं त्या सुनेला घेऊन कार्यालयात आल्या. सुनेला वाचता येत होतं. तिनं सभेच्या ठरावांची वही वाचली, दोनदा. सरपंच बसले होते, आणखी चार माणसं होती. बाईंनी मला विचारलं, "भाऊसाहेब, म्या बोलले हुते ना?"

मी म्हणालो, "नाही मावशी. तुम्ही काहीच बोलला नाहीत."

माणसं हसली. बाई भांडल्या नाहीत. सुनेकडे वळून म्हणाल्या, "मंग मनातच बोलले आसंल."

त्यांना खरंच तसं वाटलं असेल का? की मला सोडवायला म्हणाल्या? दोन्हींतलं कोणतं जास्त वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नळ हलला. त्या पुन्हा सभेला आल्या नाहीत. माझी बदली होईपर्यंत हंडा घेऊन मळ्याकडे जाताना दिसायच्या, नमस्कार करायच्या.

मागच्या वर्षी त्या वारल्याचं कळलं. दहाव्याला जायला निघालो, स्टँडवरून परत आलो.

त्या बोलल्या होत्या. उभं राहून, मोठ्यानं. मी तीन हातांवर बसलो होतो.