दोन निळ्यांचं काळं पिल्लू

माझ्या मामांइतका खरं बोलून एकटा पडलेला माणूस पुण्यात दुसरा नसेल. आणि या स्पर्धेला पुण्यात उमेदवार कमी नसतात. बाकीचे लोक राजकारणाबद्दल खरं बोलतात, शेजाऱ्यांबद्दल बोलतात, फार तर व्याह्यांबद्दल. मामा मांजरांच्या रंगाबद्दल खरं बोलायचे. एवढ्याशा विषयावर इतकी माणसं तोडता येतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

कॉलेजात त्यांनी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. विभागप्रमुख मात्र झाले नाहीत, कारण प्रमुखांनी लिहिलेल्या पुस्तकातल्या अकरा चुका मामांनी स्टाफरूममध्ये, सगळ्यांचा चहा चालू असताना, पान क्रमांकासकट वाचून दाखवल्या होत्या. "त्यांनीच विचारलं, पुस्तक कसं वाटलं म्हणून," असं ते पुढे कायम निरागसपणे सांगत. मामी गेल्या, मूलबाळ नव्हतं, निवृत्तीही झाली आणि कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत मामा आणि आनुवंशिकता असे दोघंच उरले. रस्त्यात मांजर दिसलं की मामा थांबलेच. मंडईत जायला निघालेला माणूस तासाभराने रिकाम्या पिशवीने परत यायचा आणि सांगायचा, "अरे, त्या देवळामागच्या मांजरीच्या आजोळी कुणीतरी सयामी आहे. नाक बघ तिचं." सयामी पिल्लं जन्मतात पांढरी आणि मग अंगाचा जो भाग गार राहतो तेवढाच काळवंडतो, नाक, कान, पंजे, शेपटी, हे त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत नवऱ्यामुलाच्या वडिलांना जिलेबी संपून ताक येईपर्यंत समजावलं होतं. त्या घरून पुन्हा आम्हाला कसलंच आमंत्रण आलं नाही.

त्यांच्या गल्लीत भांड्यांचं दुकान असलेले एक काका होते. त्यांच्याकडे पांढरं, काळं आणि केशरी अशा तीन रंगांचं मांजर होतं आणि काका मोठ्या अभिमानाने त्याला 'राजा' म्हणायचे. मामा एकदा रस्त्यावरूनच, जवळही न जाता म्हणाले, "राजा नव्हे, राणी. तीन रंग आहेत. बोक्याला केशरी तरी मिळतो नाहीतर काळा तरी. दोन्ही एकदम घ्यायला मादीच असावी लागते. लाखात एखादा अपवाद निघतो, पण तो तुमच्या दुकानात येणार नाही." काका खदाखदा हसले. महिन्याभराने राजाने दुकानातल्या मोडीच्या टोपलीत चार पिल्लं घातली. मामांनी जाऊन तब्येतीची चौकशी केली, ती अगदी मनापासून. पण काकांनी त्या दिवसापासून त्यांना नमस्कार करणं सोडलं. "मी काय केलं?" मामांनी मला विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

अशा माणसाला वाघोलीला मी नेलं. ते पाप माझं. माझ्या ऑफिसातून लवकर निवृत्त झालेल्या एक बाई तिथल्या नव्या इमारतीत एकट्या राहत आणि जातिवंत पर्शियन मांजरं वाढवत. बहुतेक निळी. निळी म्हणजे आपली राखाडीच, पण या शौकिनांच्या भाषेत निळी. प्रत्येकाच्या वंशावळीचा कागद, त्यावर क्लबाचा शिक्का. मामांनी कागद वाचले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. एखाद्याने ज्ञानेश्वरी वाचावी तसे. मग एका गाभण मांजरीकडे बघून कोणकोणत्या रंगांची पिल्लं होतील ते सांगितलं. झाली तशीच. बाईंनी शाळेतल्या मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर दर रविवारी मामा दोन बस बदलून वाघोलीला जाऊ लागले. शर्टाला इस्त्री आली. बाई त्यांच्या कवळीसाठी खिचडीत दाण्याचं कूट अगदी बारीक करून घालत. "खिचडी बरी होती," मामा मला एकदा म्हणाले. मामींच्या पुरणपोळीलाही त्यांनी 'ठीक'च्या वर कधी गुण दिले नव्हते, त्यामुळे मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. दोन वर्षं असं चाललं. मामांना मी इतकं आनंदी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मग तो रविवार आला. त्या दिवशी मीही बरोबर होतो. निळी मांजर, निळा बोका. मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सगळी निळीच होणार. बाईंनी आम्हाला टोपलीपाशी नेलं. तीन पिल्लं निळी होती आणि चौथं काळंकुळकुळीत.

"सर, तुमचं गणित एकदा तरी चुकलं!" बाई हसत म्हणाल्या.

मामा हसले नाहीत. "निळा म्हणजे फिकट झालेला काळा. फिकटपण आई आणि बाप दोघांकडून मिळालं तरच पिल्लू निळं होतं. निळ्यापाशी द्यायला फिकटाशिवाय काही नसतंच. दोन बिनसाखरेचे चहा एकत्र ओतून गोड चहा होईल का, बाई? याचा बाप दुसरा आहे." आणि त्यांनी बाल्कनीच्या फाटक्या जाळीकडे बोट दाखवलं. खाली बांधकामावर एक काळा बोका विटांवर ऊन खात पडला होता.

"आणि ही तिघं?" बाईंचा आवाज बारीक झाला.

"एका वेताला दोन बाप असू शकतात. ही तुमच्या बोक्याची असतील, नसतीलही. नुसतं बघून सांगता येणार नाही."

बाईंनी टोपलीवर फडकं ओढलं. मग म्हणाल्या, "सर, हे आपल्या तिघांत राहू दे. काळं मी कुणाला तरी देऊन टाकते. बाकीची निळीच आहेत ना? गोड आहेत ना?"

"गोडाचा प्रश्न नाही," मामा म्हणाले, "बापाचा आहे."

परतीच्या बसमध्ये मी त्यांना हात जोडले. म्हटलं, मामा, एवढं एक विसरून जा. दोन दिवसांनी त्यांनी क्लबाला आपल्या सुंदर अक्षरात पत्र पाठवलं, आकृत्यांसह. क्लबाने बाईंची त्या वेताचीच नव्हे, आधीचीही सगळी नोंदणी रद्द केली. ज्यांनी पिल्लं नेली होती ते बाईंना फोन करून वाटेल ते बोलले.

बाई कसब्यात आल्या तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी टोपली दारात ठेवली. आत काळं पिल्लू होतं.

"घ्या तुमचा पुरावा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी विचारलं होतं का हो, सर?"

या वेळी खरंच कुणी विचारलं नव्हतं. मामा फक्त म्हणाले, "आत या, बाई. चहा टाकतो." बाई आल्या नाहीत. वर्षभरात त्या मांजरं वाटून, घर विकून नाशिकला बहिणीकडे गेल्या.

पिल्लू मामांनी ठेवलं. त्याला नाव दिलं नाही. त्याच्या रंगाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मी एकदा रागाने विचारलं, "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" मामा म्हणाले, "बाईंचं काहीच नाही. पण मग तिथे रविवारी जाणारा मी कोण असतो?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

गेल्या थंडीत मामा गेले. चार दिवस हॉस्पिटलात होते, शुद्धीवर होते, पण शेवटपर्यंत फारसं बोलले नाहीत. बारावं झाल्यावर मी बाईंचा नंबर शोधून फोन लावला. मामा गेल्याचं सांगितलं.

"मांजर कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"त्याला दूध देऊ नका. पोट बिघडतं." मग म्हणाल्या, "सरांनी कधी माझा विषय काढला होता का?"

"हो," मी म्हणालो. "शेवटी शेवटी रोज आठवण काढायचे."

"खोटं बोलताय," बाई म्हणाल्या. "बरं झालं, तुम्ही मामांवर गेला नाहीत."

फोन ठेवून मी मांजरापुढची दुधाची वाटी उचलली. हे वाक्य मला सुखाचं वाटायला हवं होतं.