फिर्यादीतलं नाव

पुण्याहून साताऱ्याच्या एस.टी.त बसले तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, दशम्या आणि सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता. विषय होता 'अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या धाडसी स्त्रिया'. आमच्या कॉलेजातल्या सरांनी धाडसाचे पाच प्रकार पाडले होते: मोर्चा, भाषण, उपोषण, अटक आणि इतर. 'इतर'साठी अर्धी ओळ सोडली होती. ते स्वतः आले नाहीत, कारण त्यांना घाट लागतो.

पहिला मुक्काम मेढ्याजवळच्या एका डोंगरगावात. सरपंचांनी धाडसी स्त्री आधीच शोधून ठेवली होती, ती म्हणजे त्यांची बायको. नव्याकोऱ्या लुगड्यात, गळ्यात हार घालून बिचारी खुर्चीवर अवघडून बसली होती.

"तुम्ही अन्यायाविरुद्ध कधी आवाज उठवला?" मी तिला विचारलं.

"उठवला की. लय उठवला," सरपंच म्हणाले. "लिवा तुमी."

बाईंनी दिवसभरात एकदाच तोंड उघडलं, ते मला चहा हवा का हे विचारायला. तेही नवऱ्याकडे बघून. जेवायला नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाचं पातळ, तिखट कालवण) होतं. त्यांच्या हाताला चव होती, पण प्रश्नावलीत चवीचा रकाना नव्हता. शेवटी सरपंचांनी फोटो काढायला लावला आणि मधोमध स्वतः उभे राहिले.

कराडला गाडी बदलली. शेजारणीच्या पाटीतल्या कोंबडीने चार प्रश्नावल्यांवर आपलं मत नोंदवलं. शिराळ्याच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून उसातल्या वाटेने गावात पोचले, तर मला भेटायचं होतं त्या आनसूबाई पायात वहाणा घालून निघालेल्याच. चाळिशीची, काटक बाई. मागे गावातल्या तेरा बायका.

"काय इचारायचं ते वाटंत इचार," त्या म्हणाल्या. "आमी चौकीत निगालोय."

वाटेत कळलं ते असं. ओढ्याकाठी हातभट्टी होती. महिन्यापूर्वी शेजारच्या येसाबाईचा तरणाताठा मुलगा तिथली दारू प्याला आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. भट्टी मोडायची तर फिर्याद द्यायला हवी होती.

"भट्टी आहे कुणाची?"

"आमच्या मालकांची," आनसूबाई म्हणाल्या. मालक म्हणजे नवरा. मी चालता चालता थांबले. त्या थांबल्या नाहीत.

चौकीत हवालदारांनी कागद ओढला. "भट्टीवाल्याचं नाव?"

चौदाही जणींनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तिकडे लहान पोरीलाही ठाऊक. बाकीच्या सगळ्या एकाच भावकीतल्या. तो कुणाचा दीर, कुणाचा भासरा (थोरला दीर). त्यांनाही नाव घेता येईना. हवालदारांना ते पाठ होतं, भट्टीवर त्यांचं नेहमीचं जाणं-येणं असावं असं त्यांच्या मिश्यांच्या वासावरून वाटत होतं. पण कायदा म्हणजे कायदा.

"नाव न्हाई तर फिर्याद न्हाई," ते म्हणाले. "उखान्यात घ्या की."

माझं रक्त तापलं. "मी सांगते," म्हणून मी तरातरा उठले आणि मग लक्षात आलं, ते नाव मला ठाऊकच नव्हतं. मी खाली बसले.

येसाबाईने आनसूबाईंचा पदर ओढला. "ऱ्हाऊ दे, आनसे. कुकवाचं हाय."

"तुज्या पोराचं डोळं गेल्यात, येसे," आनसूबाई म्हणाल्या. मग टेबलाजवळ गेल्या. पदर सोडवून कमरेला खोचला. "लिवा. दौलती रामा. माजं मालक हायती. भट्टी त्येंचीच."

हवालदारांनी एकदा दाराकडे बघितलं. दारात बायका उभ्या होत्या. त्यांनी लिहिलं.

दुपारी ओढ्याकाठी भट्टीची पिंपं फुटली. मला आनंदापेक्षा भीतीच वाटत होती. "आता घरी कशा जाणार?" मी विचारलं.

"पायानं," त्या म्हणाल्या. "घर माजं बी हाय."

सकाळी निरोप घ्यायला गेले, तर त्यांच्या अंगणात त्या तेराजणी वाकळा गुंडाळत होत्या. रात्री सगळ्या तिथेच झोपल्या होत्या. पोलिसांच्या हाती न लागलेला दौलती घरी आला, अंगणभर पसरलेल्या बायका पाहिल्या आणि आल्या पावली बहिणीच्या गावाला निघून गेला. आनसूबाई चुलीपाशी होत्या. मी प्रश्नावली बाहेर काढलीच नाही.

पुण्यात सरांनी माझी टिपणं वाचली. "भाषण नाही, अटक नाही. नवऱ्याचं नाव घेतलं, यात धाडस कसलं? आमची ही मला नावानेच हाक मारते." पुस्तकातून आनसूबाई गळाल्या. मेढ्याचा फोटो मुखपृष्ठावर आला आणि त्याखाली लेखक म्हणून एकटे सर. माझं नाव आभारातही नव्हतं.

प्रकाशनाच्या चहाला प्राचार्यांनी पुस्तक चाळलं. "सुंदर काम. गावोगाव हिंडलं कोण?" त्यांनी थेट मलाच विचारलं. सर शेजारी बशीत चहा ओतत होते.

मला तर कुणाच्या आयुष्याची काळजी नव्हती, रात्री घरी परतायचीही भीती नव्हती. फार तर दहा मार्क गेले असते.

"सरच," मी म्हणाले.