आईच्या आवाजामागचे ट्रक

शिक्रापुरात घरोघरी जाऊन कॉम्प्युटरवर फुकटातले प्रोग्राम टाकून देणारे एक मामा आहेत. मूळचे ऊसवाले. प्रोग्राम उतरत असताना ते डोळे मिटून बसतात, जणू रानात पाणी सोडून बांधावर टेकलेत. काम झालं की डोळे आपोआप उघडतात. “फुकट हाय, पण हलकं न्हाई,” एवढं मात्र दर वेळी सांगतात.

आई गेल्यावर तिच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग माझ्याकडे उरलं. दारासमोरच्या हायवेवरच्या ट्रकांच्या घरघरीत तो आवाज बुडालेला. मामांनी आवाज साफ करायचा प्रोग्राम टाकला आणि सगळे ट्रक हळूहळू पुसून काढले. मग आई बोलली. अगदी स्वच्छ, पण कुठल्यातरी रिकाम्या खोलीतून बोलल्यासारखी.

मामा डोळे मिटून ऐकत होते.

“ह्या घरातलं वाटंना,” ते म्हणाले, आणि त्यांनी थोडे ट्रक परत आणून ठेवले.

मामा पिशवी उचलून दाराशी गेले, तेव्हा मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. ट्रकांच्या वरताण आवाज चढवून आई म्हणाली, “जेवल्याबिगर जायचं न्हाई.”

मामांनी पिशवी खाली ठेवली.